परदेशातला जुना किल्ला आणि सोबत अख्खं खटलं: तुमचे अनुभव लिहा

लेकीचा पुठ्ठ्याचा किल्ला चालू आहे. काल बुरूज चिकटवता चिकटवता विचारते, "आई, ह्यात संडास कुठे?" आणि मला एकदम कॉन्वी आठवलं.

वेल्समधला किल्ला, इंग्लंडच्या राजा पहिल्या एडवर्डचा. १२८३ ला काम काढलं आणि चारेक वर्षांत उभा केला. आठ थोराड बुरूज, आत गोल गोल जिने. सासूबाई "गुडघे दुखतायत, मी खालीच बसते" म्हणाल्या. मी पोरीला कडेवर घेऊन जिन्यात धापा टाकतेय तर वरून त्यांचाच आवाज, "अगं ये लवकर, खाडी काय दिसतेय!" दुसऱ्या जिन्याने कधी चढल्या देव जाणे. बाबागाडी अर्थातच खाली.

गावाच्या तटबंदीत ओळीने १२ शौचकूप आहेत, भिंतीबाहेर काढलेले. सासऱ्यांनी प्रत्येकाचा वेगळा फोटो काढला. आमचा एकही नाही.

येऊ द्या तुमचेही.

चहाबाज
१२!!! आमच्याकडे सकाळी एकासाठी रांग.

उलटी छत्री
एडिंबराचा किल्ला. रोज दुपारी एकला उडवतात ती तोफ. बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं, ते आपले निवांत तटाला टेकून. धडाम! हातातली कॉफी सांडली नाही पण आईचा हात सोडला, हे ती अजून ऐकवते. रविवारी उडवत नाहीत, तान्हं बाळ असेल तर तेव्हा जा. मुलांना तोफेपेक्षा सैनिकांच्या कुत्र्यांची दफनभूमी आवडली. आत सोडत नाहीत, वरूनच बघायची. प्रत्येक कुत्र्याचं नाव वाचायचं होतं त्यांना, वरून दिसतंय थोडंच.

नवखी आई
बाबागाडी नाही म्हणजे पाठीवरची कॅरिअर चालेल ना? आमचं दहा महिन्यांचं आहे.

उलटी छत्री
पाठीवर नको गं, जिन्यात भिंतीला घासते. पुढे बांध.

खडूस
ते जिने एकाच दिशेने वळतात कारण वरून लढणाऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहतो. गाइडने सांगितलं.

गडबड्या
सगळेच गाइड सांगतात. उलटे वळणारे जिनेही आहेत की बऱ्याच किल्ल्यांत, आणि अभ्यासक काही ही गोष्ट फारशी मानत नाहीत. शत्रू जिन्यापर्यंत पोचला म्हणजे किल्ला गेल्यातच जमा.

खडूस
मग माझ्या मुलाने छत्री घेऊन तासभर केलेलं प्रात्यक्षिक वाया? :D

मोरपंखी
शियों, जिनिव्हा सरोवराच्या काठी. जिनिव्हाच्या स्वातंत्र्यासाठी भांडणारा बोनिव्हार १५३० ते १५३६ इथे कैदेत होता, शेवटची चार वर्षं तळघरात. त्याला बांधायचे तो खांब दाखवतात. आणि एका खांबावर कोरलेलं नाव, इंग्रज कवी बायरनचं म्हणून. धाकटा लगेच, "त्याने लिहिलं तर बघायला तिकीट, मी सोफ्यावर लिहिलं तर धपाटा?" ह्यांना हसू आवरेना, मला उत्तर सुचेना.

चहाबाज
पोरगं वकील होणार.

जाऊबाई जोरात नाही
आम्ही तिघी जावा आणि जर्मनीतला एल्ट्स. साडेआठशे वर्षं एकाच घराण्याकडे, कधी पडला नाही. गाइड म्हणाला, १२६८ ला तिघा भावांत वाटण्या झाल्या आणि एकाच अंगणाभोवती तिन्ही शाखा राहिल्या. आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. नवरे छताकडे बघत होते.

मोरपंखी
स्वयंपाकघरं वेगळी असणार. त्याशिवाय एवढं टिकत नाही.

जाऊबाई जोरात नाही
थोरल्या जाऊबाई अगदी हेच म्हणाल्या! मोठ्याने!!

नवखी आई
पण पुढे बांधल्यावर उतरताना पायऱ्या दिसतात का?

उलटी छत्री
नाही. दोर धरायचा आणि नवऱ्याला पुढे घालायचं.