वाचनालयाचे संकेतस्थळ ड्रुपल ७ वरच ठेवावे की ड्रुपल ११ वर न्यावे?

आयर्विनकाठ (सांगली):
आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ २०१३ पासून ड्रुपल ७ वर, म्हणजे संकेतस्थळे चालवणाऱ्या ड्रुपल या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीवर, चालू आहे. ही आवृत्ती ५ जानेवारी २०११ रोजी आली आणि बरोबर चौदा वर्षांनी, ५ जानेवारी २०२५ रोजी, तिचा अधिकृत सपोर्ट संपला. आता तिच्यात सुरक्षेची त्रुटी सापडली, तरी ती दुरुस्त करून देण्यास ड्रुपलचा सुरक्षा गट बांधील नाही. मागच्या बैठकीत मी ड्रुपल ११ वर जाण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?’ असे विचारले गेले. त्याचे उत्तर ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळालेले आहे. डेटाबेसशी व्यवहार करणाऱ्या भागातील एक त्रुटी त्या वेळी उघड झाली आणि दुरुस्तीही त्याच दिवशी आली. तरीही पहिल्या सात तासांत ज्यांनी ती बसवली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ फोडले गेले आहे असेच समजावे, असे सुरक्षा गटाला पुढे जाहीर करावे लागले. तेव्हा निदान दुरुस्ती तरी येत होती. आपल्याकडे सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक आहेत, त्यामुळे हा प्रश्न केवळ तांत्रिक आहे असे मला वाटत नाही.

हळदपेठ:
धोका मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. यास ‘अपग्रेड’ म्हणणे हीच मुळात सभासदांची दिशाभूल आहे. २०१५ साली आलेल्या ड्रुपल ८ पासून आतली रचना सिम्फनी या तयार सांगाड्याच्या पायावर नव्याने बांधली गेली, त्यामुळे ७ वरून पुढे जाणे म्हणजे जुन्या घराला रंग देणे नसून शेजारी नवे घर बांधून सामान हलवणे होय. नवे संकेतस्थळ उभे करायचे, जुन्या डेटाबेसमधून मजकूर ओढून घ्यायचा, थीम (पानांचे दृश्य रूप) ट्विग या साचाभाषेत पुन्हा लिहायची, आणि ज्या मॉड्यूलांचे (जोडभागांचे) लेखक केव्हाच काम सोडून गेले आहेत त्यांना पर्याय शोधायचे. हा खर्च वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने का करावा? आपली बहुतेक पाने केवळ वाचण्यासाठी आहेत. त्यांची साधी एचटीएमएल प्रत, म्हणजे तयार स्थिर पाने, काढून ठेवावी. तिला ना पीएचपी (ड्रुपल ज्या संगणकभाषेत लिहिले आहे ती) लागते ना डेटाबेस, त्यामुळे त्या वाटेने कोणी आत शिरण्याचा प्रश्नच उरत नाही. सभासदांची माहिती संकेतस्थळावर ठेवण्याचे तर मुळीच कारण नाही.

मिरजवासी:
मधला मार्गही आहे. ड्रुपल ७ मधूनच फुटून निघालेल्या बॅकड्रॉप या प्रणालीची पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये आली. ड्रुपल ७ चा डेटाबेस त्यात थेट अपग्रेड करता येतो आणि रचना ओळखीची असल्यामुळे आपल्या मंडळींना नवे फारसे शिकावे लागणार नाही. लहान संस्थांनी याचा आधी विचार करावा, असे माझे मत आहे.

आयर्विनकाठ:
मिरजवासी, बॅकड्रॉप मी पाहिले आहे. परंतु ते जाणणारी माणसे ड्रुपलच्या मानाने फार थोडी आहेत, आणि उद्या मी नसलो तर आपल्या भागात मदतीला कोण येईल, ही चिंता मला वाटते.

हळदपेठ साहेब, एचटीएमएल प्रतीमुळे संकेतस्थळावरील शोधाची सोय जाईल, हे आपण लक्षात घेतलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, जिथे ४५ फुटांनाच धोक्याची पातळी मानतात. तळमजल्यावरच्या आमच्या जुन्या देणगीवह्यांचा त्या वेळी लगदा झाला. त्यांतील नोंदी आता केवळ संकेतस्थळावर आहेत. आजोबांचे नाव शोधत लोक येतात, ते सगळी पाने चाळणार नाहीत. ते नाव टंकून शोधणार.

गेल्या आठवड्यात मी एका प्रतीवर चाचणी घेतली. मजकूर नव्या जागी आला, पण ‘कृष्णामाई’ या शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसू लागली. काही वर्षांपूर्वी होस्टिंग बदलताना डेटाबेसच्या रकान्यांवर लॅटिन१ ची (रोमन लिपीपुरत्या जुन्या अक्षरसंकेताची) खूण राहून गेली होती, आत मात्र यूटीएफ-८ (देवनागरीही सामावणारा अक्षरसंकेत) भरलेले होते. जुने संकेतस्थळ ही चूक दोन्ही बाजूंनी सारखीच करत असल्याने ती आजवर झाकली गेली. रकाना आधी बायनरी (कोणताही अक्षरसंकेत नसलेला) करून मग यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधील पूर्ण यूटीएफ-८) केला, तेव्हा शीर्षक पूर्ववत झाले. ही कीड आज सापडली म्हणून निघाली. आणखी पाच वर्षांनी ती काढणारा माणूस मिळेल का?

हळदपेठ:
आपली चाचणी मनापासून आवडली, मात्र तिने माझेच म्हणणे सिद्ध केले. ही दुरुस्ती डेटाबेसची आहे, ती ड्रुपल ७ वर राहूनही करावीच लागणार होती. शिवाय सुरुवातीचे कित्येक लेख श्रीलिपीतून (युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांतून) जसेच्या तसे चिकटवलेले आहेत. ते युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या प्रमाणित अक्षरसंकेतात) आणल्याशिवाय कोणत्याही आवृत्तीत शोधाला सापडणार नाहीत. तेव्हा आधी मजकूर शुद्ध करावा, तोवर लोकांसाठी एचटीएमएल प्रत ठेवावी आणि मूळ संकेतस्थळ बाहेरच्यांना बंद करावे. शोध काही महिने राहणार नाही, हे मी स्वीकारतो.

आयर्विनकाठ:
सभासदांची माहिती काढून घेण्याचे आपले म्हणणे मला पटले. ते काम मी या रविवारीच करतो. ‘काही महिने’ मात्र पटत नाही, कारण तात्पुरती म्हणून लावलेली प्रत आपल्याकडे कायमची होऊन बसते. श्रीलिपीतील लेखांचे रूपांतर चालू असतानाच नवे संकेतस्थळ शेजारी उभे करता येईल. आपल्या होस्टिंगवर ड्रुपल ११ ला लागणारे पीएचपी ८.३ उपलब्ध आहे, आणि ८ पासून पुढच्या आवृत्त्यांना असे घर बदलावे लागत नाही, हे खर्चाचा हिशेब करताना धरावे.

हळदपेठ:
ते धरतो. परंतु दर थोड्या दिवसांनी येणारे सुरक्षेचे अद्ययावतीकरण कोण बसवणार, त्याचे नाव मला पुढच्या बैठकीत ऐकायचे आहे. ते नाव पुढे आले, तर मी माझा विरोध मागे घेईन.