मदत हवी आहे: एलपीवरची बुरशी घरच्या मिश्रणाने जाईल की तयार द्रावण घ्यावं?

बाबांच्या साठेक एलपी (व्हिनाइल प्लास्टिकच्या गाण्यांच्या तबकड्या) आणि थोड्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या माझ्याकडे आल्या आहेत. बऱ्याच तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. ७८च्या लाखेच्या आहेत आणि अल्कोहोलने लाख विरघळते, म्हणून त्यांना हात लावलेला नाही. प्रश्न फक्त व्हिनाइलचा आहे.

सध्या तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब असं मिश्रण करते. लेबल झाकून मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच गोल फिरवते, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुते. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत बसतात, ते टाळलंय.

ठिपके दिसेनासे झाले, पण वाळल्यावर पहिल्या गाण्यालाच सुईवर पांढरट भुकटी जमते आणि चरचर उलट वाढली आहे. साबण राहतोय की बुरशी खाचेत खोल आहे, हे ओळखायचं कसं?

एन्झाइमवालं तयार द्रावण कुणी बुरशीवर वापरलंय का? ते किती वेळ ठेवायचं, नंतर पुन्हा धुवावं लागतं का? एका कव्हरवर बाबांच्या अक्षरात तारीख आहे. त्यातली तबकडी खात्री झाल्याशिवाय ओली करणार नाही.