डी९० वरून डी७५०० वर आलो: आधी लेन्स की आधी बॉडी? माझं मत बॉडीच्या बाजूने

बरीच वर्षं निकॉनचा डी९० कॅमेरा वापरला आणि आता त्यांचाच डी७५०० घेतलाय. कुणालाही विचारा, सल्ला एकच मिळतो, बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, पैसे घालू नका, लेन्स घ्या, बॉडी काय जुनी होतच असते. मला हे सरसकट पटत नाही म्हणून लिहितोय, ज्यांना माझं पटणार नाही त्यांनी खुशाल विरोधात लिहा.

आधी मेगापिक्सेलचं उरकून टाकतो. १२.३ वरून २०.९, ऐकायला भारी वाटतं, पण फ्रेमची रुंदी ४२८८ पिक्सेलवरून ५५६८ झालीय म्हणजे साधारण ३० टक्केच वाढली. चांगल्या उजेडात, न हलणाऱ्या सब्जेक्टचे दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो मोबाइलवर शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते ओळखणं अवघड आहे. नवीन बॉडी आणली की फोटो आपोआप छान येतील असं वाटत असेल तर नका घेऊ, स्पष्ट सांगतो.

फरक पडतो तो जिथे डी९० हात टेकतो तिथे. ऑटोफोकसचं बघा, डी९० ला फोकस धरायचे ११ पॉइंट आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात कडेच्या पॉइंटवर भरवसा ठेवता येत नाही, मग मधल्या पॉइंटने फोकस लॉक करा, फ्रेम सरकवा, तोपर्यंत समोरचं पोरगं पळालेलं असतं. डी७५०० ला ५१ पॉइंट, त्यातले १५ क्रॉस टाइप, पॉइंट थेट डोळ्यावर ठेवायचा आणि क्लिक करायचं. शिवाय मीटरिंगचा, म्हणजे उजेड मोजणारा, सेन्सर ४२० पिक्सेलवरून १,८०,००० पिक्सेलवर गेलाय आणि थ्रीडी ट्रॅकिंग सब्जेक्टचा रंग याच सेन्सरने ओळखतं, त्यामुळे लाल टीशर्टातलं पोर गर्दीतून धावत गेलं तरी फोकस त्याच्या मागे जातो. हे मी पहिल्याच संध्याकाळी बघितलं आणि तिथेच माझं मत झालं.

दुसरं आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता. डी९० चा नेटिव्ह (वाढीव सेटिंग सोडून) आयएसओ ३२०० ला संपतो आणि १६०० च्या पुढे सावलीत रंगीत ठिपके यायला लागतात. डी७५०० चा ६४०० मला डी९० च्या १६०० च्या आसपास वाटतो. रॉ, म्हणजे प्रोसेस न केलेली फाइल, १२ बिटऐवजी १४ बिट, अंधारलेला भाग प्रोसेसिंगमध्ये वर उचलला तरी रंग टिकतो.

न आवडलेलं पण सांगतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना, फोकस अजून कॉन्ट्रास्टवरच चालतो, हळू आहे. ४के व्हिडिओला वरून आणखी १.५ चा क्रॉप, म्हणजे कडा कापल्या जातात, वाइड लेन्सचा सगळा अर्थच जातो. आणि रॉ फाइल एवढ्या मोठ्या की हार्ड डिस्कचा विचार आधी करा.

भिंगवेडा:
अभिनंदन, कॅमेरा छानच आहे. पण तुमचेच आकडे घेऊन बोलतो. तुम्ही म्हणता ६४०० म्हणजे आधीचा १६००, म्हणजे दोन स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). तुमच्याकडे कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स असणार, लांबच्या टोकाला एफ ५.६ (हा आकडा जेवढा लहान तेवढा प्रकाश जास्त). त्याऐवजी जुन्याच डी९० वर ५० एमएमची एफ १.८ प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावली असती तर जवळपास दहापट प्रकाश आत आला असता, म्हणजे तीन स्टॉपच्या वर, आणि तेही नव्या बॉडीच्या मानाने किरकोळ खर्चात. वर बॅकग्राउंड धूसर मिळतं ते वेगळंच, ते कुठल्याही सेन्सरने मिळत नाही. नवीन बॉडीला जुनी किट लेन्स लावून फिरणारे बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण तोच पैसा लेन्समध्ये गेला असता तर त्यांचे फोटो दिसायलाच वेगळे झाले असते.

धागाकर्ता:
@भिंगवेडा, ५० एमएम १.८ माझ्याकडे डी९० च्या काळापासून आहे, जुनी डी सिरीजवाली, जिच्यात फोकसची स्वतःची मोटर नाही. म्हणून तर हे बोलतोय. एफ १.८ ला दोन मीटरवरून फोटो काढला तर फोकसमध्ये असणारी खोली साधारण ११ सेंटिमीटर. त्यात सब्जेक्ट हलणारं, म्हणजे डोळा सुटून कान शार्प येतो. दहापट प्रकाश मिळाला मान्य, पण फोकस चुकलेल्या फोटोत त्या प्रकाशाचं करायचं काय? फास्ट, म्हणजे जास्त प्रकाश घेणाऱ्या, लेन्सला चांगला ऑटोफोकस उलट जास्त लागतो. माझी ही लेन्स डी९० वर कधी पूर्ण कामाला आलीच नव्हती, ती आता येतेय. आणि डी७५०० ला एएफ फाइन ट्यून आहे, लेन्स थोडी पुढे किंवा मागे फोकस करत असेल तर बॉडीतच दुरुस्त होतं, डी९० ला ती सोयच नव्हती.

क्रॉपसेन्सर:
दोघेही २०२० च्या आधीच्या भांडणात अडकलाय असं माझं मत. कॅननने २०२१ मध्ये सांगून टाकलं की वन डी एक्स मार्क थ्री हा त्यांचा शेवटचा फ्लॅगशिप डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा, तुमचे दोन्ही त्यातलेच). निकॉनचा डी६ आणि डी७८० दोन्ही २०२० चे, त्यानंतर तिकडूनही नवा डीएसएलआर आलेला नाही. अशा वेळी पैसे खर्च करून २०१७ ची बॉडी घ्यायची म्हणजे ज्या रस्त्यावर पुढे काही नाही तिथेच अजून आत जायचं. निकॉनचाच मिररलेस (आरसा नसलेला) झेड ५० घेतला असता तर तेच २०.९ मेगापिक्सेल, डोळा ओळखणारा फोकस, फोटो काढायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजर दिसतं, आणि तुम्ही ज्याबद्दल कुरकुर केलीत तो लाइव्ह व्ह्यूचा हळू फोकस आणि ४के चा क्रॉप, दोन्ही नाहीत. अपग्रेड करायचा तर पूर्ण करा ना.

धागाकर्ता:
@क्रॉपसेन्सर, तुमचा मुद्दा भारी आहे पण माझी डी सिरीजची लेन्स जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस करत नाही, अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकसची मोटरच नाही. डी७५०० च्या बॉडीत मोटर आहे. म्हणजे मिररलेसला गेलो तर बॉडी, अ‍ॅडॉप्टर आणि वर लेन्सपण नवीन. बॅटरीचंही बघा, डी७५०० चं रेटिंग ९५० फोटोंचं, झेड ५० चं ३०० च्या आसपास. आणि पुढे नवीन मॉडेल येणार नाही म्हणून हातातला कॅमेरा फोटो काढायचं थांबत नाही.

क्रॉपसेन्सर:
मोटरचा मुद्दा मान्य, जुन्या लेन्स असतील तर तो खरा अडसर आहे. बाकीचा मान्य नाही. बॅटरी दुसरी खिशात ठेवता येते, डोळ्यावरचा फोकस खिशात ठेवता येत नाही. तुम्ही पॉइंट हलवत बसता तेवढ्यात इथे तीन फोटो निघालेले असतात, आणि एफ १.८ ला कान शार्प येतो ही तुमचीच तक्रार होती, तिचं खरं उत्तर डोळा ओळखणारा फोकसच आहे.

दोनकार्डवाली:
मला वेगळाच प्रश्न पडलाय, डी७२०० का नाही घेतला? २४.२ मेगापिक्सेल, दोन कार्ड स्लॉट, बॅटरी ग्रिप (जास्तीच्या बॅटरीची खालची जोड) लागते, जुन्या, हाताने फोकस करायच्या एआय लेन्सवर मीटरिंग चालतं. डी७५०० मध्ये यातलं एकही नाही आणि तरी तो नंतरचा! मी कार्यक्रमांची कामं करते, एका कार्डवर कुणाचा कार्यक्रम सोपवायची माझी तयारी नाही, कार्ड गेलं तर तो दिवस परत कुठून आणणार? ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी पहिल्या इंप्रेशनच्या भरात हा मुद्दा विसरू नये एवढंच म्हणते.

धागाकर्ता:
@दोनकार्डवाली, तुमच्या कामासाठी डी७२०० च बरोबर, त्यात वाद नाही. मी हौशी आहे, डी९० लाही एकच स्लॉट होता आणि एआय लेन्सवर मीटरिंग त्यालाही नव्हतं, त्यामुळे माझं काही गेलं नाही. मला बर्स्ट, म्हणजे सलग फोटो काढणं, हवा होता. १४ बिट लॉसलेस रॉमध्ये डी७२०० चा बफर (कार्डवर जाण्याआधीची तात्पुरती मेमरी) १८ फ्रेमला भरतो, डी७५०० चा ५० ला.

जुनेरंग:
रंगांबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. डी९० च्या जेपेगमधले त्वचेचे रंग मला आजही जास्त आवडतात, थोडे उबदार आणि मऊ. डी७५०० चा ऑटो व्हाइट बॅलन्स जास्त अचूक असेलही पण अचूक म्हणजे सुंदर असं नाही ना. शिवाय सेन्सरवरचा, बारीक तपशील किंचित मऊ करणारा लो पास फिल्टर काढलाय, त्यामुळे बारीक विणीच्या कापडावर कधीकधी मॉआरे (लहरींसारखी खोटी नक्षी) दिसतो. तुम्ही डी९० विकू नका एवढी विनंती.

भिंगवेडा:
@जुनेरंग, रॉ काढत असाल तर रंग प्रोसेसिंगमधल्या प्रोफाइलवर ठरतात, बॉडीवर कमी, पण थेट जेपेग काढणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं खरं आहे.
@धागाकर्ता, ११ सेंटिमीटरचा मुद्दा चांगला काढलात, हलत्या सब्जेक्टसाठी मी माझं म्हणणं मागे घेतो. पण निसर्ग, इमारती, टेबलावरच्या वस्तू, बसलेल्या माणसाचं पोर्ट्रेट, यात फोकस पॉइंट ११ असो की ५१, काय फरक पडतो? तिथे मी अजूनही आधी लेन्सच म्हणेन.

धागाकर्ता:
तिथे मीही लेन्सच म्हणेन, ट्रायपॉडवर काम करणाऱ्याने डी९० बदलायची घाई करू नये. माझे ८० टक्के फोटो धावणाऱ्या पोरांचे आणि कुत्र्याचे असतात हो, आणि ते बहुतेक घरात किंवा दिवेलागणीला.
@जुनेरंग, डी९० विकत नाहीये, भाचीला देतोय, ५० एमएम मात्र माझ्याकडेच राहणार.