लग्नाचा फोटोग्राफर: इन्स्टा बघून की ओळखीतला?

कानपिळ्या: डिसेंबरात बहिणीचं लग्न झालं. फोटोग्राफर इन्स्टावर पसंत केला, पाऊण लाख मोजले. मुहूर्त लागला, माणसं पंगतीला गेली, त्यांच्यामागे हाही गेला. इकडे लाजाहोम सुरू. मी नवरदेवाचा कान पिळला, मंडप हसला, आणि फोटो एकही नाही! मामाच्या मोबाइलवर एक हललेला आहे, त्यात नुसतं माझं कोपर दिसतं. आपले विधी माहीत असलेला गावचा स्टुडिओवालाच बरा.

सातवी पंगत: अजिबात नाही. आमच्या ओळखीतल्याला विधी इतके पाठ, की गुरुजींनाच आठवण करून देत होता. पण अंतरपाट खाली आला त्या क्षणाच्या फोटोत एलईडीने दोघांचे चेहरे जांभळे, आणि अल्बममध्ये आम्ही बदामात, मागे स्वित्झर्लंड. इन्स्टावरचे वेचक वीस फोटो कुणाचेही छानच असतात. एका लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो बघायला मागा, जमल्यास तुमच्याच कार्यालयातले.

अक्षता अंगावर: याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. मुहूर्तानंतर स्टेजवर भेटणाऱ्यांची रांग, होमाजवळ विधी. एकटा माणूस कुठे कुठे पुरणार? पहाटेपासून उभा असतो तो. बुकिंगच्या वेळी विचारा: कॅमेरे किती, प्रत्यक्ष येणार कोण (दाखवतो एक, पाठवतो दुसरा, हे सर्रास चालतं), आणि फोटो एकाच वेळी कॅमेऱ्यातल्या दोन मेमरी कार्डांवर जातात का. तुमच्यापैकी कुणी त्याला हाक मारली होती?

कानपिळ्या: अहो, मी कान पिळत होतो! पण खरंय, कॅमेरा एकच ठरला होता. दुसरा पोरगा लाइट धरायला.

पाटावरची वकील: आणि करार वाचा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक गिऱ्हाईक, वेगळं ठरलं नसेल तर. ते ‘वेगळं’ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

अक्षता अंगावर: मालक तुम्हीच, ताई. पण कच्च्या फाइली मागू नका. अर्धं शिजलेलं ताटात वाढतं का कुणी?

पाटावरची वकील: आमचं शिजलेलंही आठ महिने वाढलं नव्हतं. पैसे चुकते होते.

कानपिळ्या: धाकटीचं लग्न वैशाखात आहे. यंदा दोन कॅमेरे, आणि फोटोग्राफरचं ताट मुहूर्ताआधीच वाढणार.

अक्षता अंगावर: मुहूर्ताआधी? तेव्हा तर चहाचा कपही हातात गार होतो.