येशूच्या शिष्यपरिवारातील स्त्रिया

प्रश्न: बारा प्रेषितांची नावे सर्वांना ठाऊक असतात, परंतु येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या स्त्रियांविषयी नव्या करारात नेमके काय सांगितले आहे?

प्रतिसाद १: लूककृत शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायाची सुरुवात वाचावी. तेथे मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना आणि सुसान्ना यांची नावे आहेत, आणि त्या व इतर पुष्कळ जणी स्वतःच्या पैशाअडक्याने या मंडळींची सेवा करत होत्या, असे स्पष्ट म्हटले आहे. राजदरबाराशी संबंधित घरातली स्त्री एका फिरत्या गुरूमागे निघते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

प्रतिसाद २: मग्दालीया मरीयेला पतिता मानण्याची समजूत मात्र शुभवर्तमानातली नाही. इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला लूकच्या ७व्या अध्यायातील निनावी पापी स्त्रीशी एकरूप मानले आणि पश्चिमेकडे तेच रूढ झाले. हा तिच्यावर झालेला अन्याय आहे. योहानाच्या २०व्या अध्यायात ती कबरेबाहेर रडत उभी आहे, समोर उभ्या येशूला माळी समजते, आणि त्याने ‘मरीये’ अशी हाक मारताच ‘रब्बूनी’ (गुरुजी) म्हणून वळते. पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना तीच सांगते.

प्रतिसाद ३: पुढच्या काळासाठी नव्या करारातील रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय पाहावा. किंख्रिया या गावच्या मंडळीतील फिबी या स्त्रीसाठी पत्रलेखक पौल ‘दियाकोनोस’ (सेवक) हाच ग्रीक शब्द वापरतो, जो तो इतरत्र स्वतःसाठीही योजतो.