पट्टीचुंबकाची ओढ टोकांशीच का जाणवते?

प्रश्न (गोदाकाठ, पंचवटी):
गोदावरीच्या पात्रातील वाळूतून पट्टीचुंबक फिरवल्यास काळे कण त्याला चिकटतात. परंतु ते दोन्ही टोकांशी दाट गोळा होतात आणि मधला भाग जवळजवळ मोकळा राहतो. माझी सातवीतील मुलगी विचारते, की संपूर्ण पट्टी एकाच धातूची असताना मधली शक्ती जाते कोठे? पट्टी मधोमध तोडली, तर एका तुकड्यात केवळ उत्तर ध्रुव उरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (विज्ञानशिक्षिका, नाशिकरोड):
ते काळे कण बहुतांशी मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात आणि आपल्याकडील बेसॉल्ट खडक झिजून ते नदीत येतात. मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण अर्धी लाल व अर्धी निळी पट्टी पाहून ध्रुव म्हणजे टोकाशी साठवलेले काहीतरी असावे, असा समज सहज होतो. वास्तविक चुंबकातील असंख्य अणू स्वतःच सूक्ष्म चुंबक असून ते बहुतांशी एकाच दिशेला वळलेले असतात. मध्यभागी एकाच्या उत्तर ध्रुवाला लागून पुढच्याचा दक्षिण ध्रुव येत असल्याने त्यांचा परिणाम बाहेर फारसा जाणवत नाही. टोकाशी मात्र पुढे कोणी उरत नाही, म्हणून बलरेषा (चुंबकाच्या प्रभावाची दिशा दाखवणाऱ्या काल्पनिक रेषा) उत्तर ध्रुवाशी दाटीने बाहेर पडतात, हवेतून वळसा घेऊन दक्षिण ध्रुवाशी आत शिरतात आणि पट्टीच्या आतून पुन्हा उत्तर ध्रुवाकडे जातात. तोडलेल्या जागी हीच स्थिती नव्याने निर्माण होते आणि प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव मिळतात.

उत्तर (निवृत्त अभियंता, सातपूर):
ताईंच्या उत्तराला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. मध्यभाग दुर्बळ असतो, हे केवळ बाहेरून खरे आहे. लांब पट्टीच्या आत चुंबकीय क्षेत्र मध्यावरच सर्वाधिक असते आणि टोकाच्या पृष्ठभागाच्या मध्यावर ते साधारण निम्मे भरते. शिवाय लोखंडाच्या कणावरील ओढ केवळ क्षेत्राच्या तीव्रतेवर नव्हे, तर ती तीव्रता अंतरागणिक किती झपाट्याने बदलते यावरही अवलंबून असते. निओडिमियम या धातूपासून केलेल्या चुंबकाच्या चपट्या चकतीला कण कडेने अधिक दाट चिकटतात, त्याचे कारण हेच.

गोदाकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तुकड्यांचा प्रयोग घरी करता येईल का?

विज्ञानशिक्षिका:
अवश्य. पट्टी तोडू नये. त्याऐवजी शिवणाच्या सुईवरून चुंबकाचे एकच टोक एकाच दिशेने अनेकदा फिरवावे, मोठ्या माणसाने ती सुई पकडीने मोडावी आणि दोन्ही तुकडे त्याच काळ्या कणांत बुडवून पाहावेत. मोडलेल्या टोकांनाही कण चिकटतील.