शिष्यवृत्तीच्या खिडकीमागचे अनुभव

जुनी_फाइल
निवृत्तीनंतर घरी आणलेले कागद काल निवडताना २००७ सालातील एका मुलाचा उत्पन्नाचा दाखला हाती लागला आणि दिवसभर दुसरे काही सुचले नाही. मी एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात बावीस वर्षे होतो. हा मुलगा पडताळणीसाठी मूळ दाखला घेऊन आला होता, परंतु दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असल्यामुळे तो चालणार नव्हता. "साहेबांना विचारून पाहतो, जेवणाच्या सुट्टीनंतर अडीचला ये," असे मी त्याला सांगितले. साहेब हो म्हणाले, नवा दाखला नंतर जोडण्याच्या अटीवर अर्ज घ्यायचे ठरले, आणि मुलगा काही आला नाही. अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपली. आपल्यापैकी ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

कारकून_लॉगिन
तुमच्या काळी निदान कागद हातात तरी असे. महाडीबीटी हे शिष्यवृत्तीचे सरकारी पोर्टल आल्यापासून आमच्याकडचे निम्मे तंटे बँक खात्याचे असतात. गेल्या वर्षी एक मुलगी सलग चार दिवस येत होती. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचे दिसत होते आणि तिच्या पासबुकात एक रुपयाही नव्हता. आधार क्रमांक सर्वांत शेवटी ज्या बँकेशी जोडला जातो तिथेच पैसे जातात, हे विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगत नाही. शेवटी उलगडा झाला तो असा, की सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन तिचे एक पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले होते आणि सगळी रक्कम त्यात निवांत पडून होती. ती आधी हसली आणि मग तिथेच बाकावर बसून रडली. मी फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

माळावरची
धाग्याच्या निमित्ताने विचारते. भाचीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. मुलींना संपूर्ण शुल्क माफ आहे असे सगळे सांगतात, मग महाविद्यालय पैसे कसले मागते आहे?

कारकून_लॉगिन
ताई, हा प्रश्न मला दिवसातून दहा वेळा विचारला जातो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपये किंवा त्याहून कमी आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. वसतिगृह आणि खानावळ त्यात येत नाहीत. पावतीवर कोणकोणत्या बाबी लिहिल्या आहेत, तेवढे पाहून घ्या.

सातासमुद्रापार
मी अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात आर्थिक साहाय्य समुपदेशक आहे. येथे सरकारी मदतीसाठी 'फाफ्सा' नावाचा अर्ज भरावा लागतो. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा हा अर्ज २०२४-२५ या वर्षासाठी नव्या स्वरूपात डिसेंबर २०२३ च्या अगदी अखेरीस खुला झाला आणि विद्यापीठांना विद्यार्थ्यांच्या नोंदी मार्चमध्ये मिळू लागल्या. तोवर कोणाला किती मदत मिळेल याचा आकडा आम्ही सांगू शकत नव्हतो, आणि रोज येणाऱ्या पालकांना हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहणे एवढेच काम उरले होते. वडिलांची नोकरी मध्येच गेली असेल तर कागदपत्रे पाहून उत्पन्नाचा आकडा बदलण्याचा अधिकार कायद्याने आम्हाला दिला आहे, आणि तो वापरता येतो त्या दिवशी मला घरी जाताना बरे वाटते.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मात्र ही मदत मिळतच नाही. एकदा अशाच एका मुलाने समोर बसून फोन स्पीकरवर लावला, तर पलीकडून त्याचे वडील चक्क मराठीत म्हणाले, "मॅडमना सांग, काही बसत असेल तर बघा म्हणावं." नियम मी इंग्रजीत समजावून सांगितला होता, तेव्हा मला काही वाटले नव्हते. मराठीत "बसत नाही हो काका" म्हणताना जीभ अडखळली.

बाकावरचा
मी खिडकीच्या या बाजूला होतो. शासनाकडून शिष्यवृत्ती आली नाही म्हणून आमच्या महाविद्यालयाने माझा शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवला होता. वडिलांनी व्याजाने पैसे काढून शुल्क भरले आणि शिष्यवृत्ती नंतर सात महिन्यांनी आली. खिडकीवरच्या बाईंनी मला एकदाही बसा म्हटले नाही, एवढे मात्र अजून आठवते.

माळावरची
पावती पाहिली. मागितलेले पैसे वसतिगृहाचेच निघाले. आभार. जुनी_फाइल, तो मुलगा दुसऱ्या महाविद्यालयात गेला असेल, मनाला लावून घेऊ नका.

जुनी_फाइल
तसे झाले असेल तर आनंदच आहे. आज दाखला उलटून पाहिला. मागच्या बाजूस पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले आहे : "एसटी १.४५, नंतर ६.३०".